आधी ऐकून घेऊ या

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

तीस वर्षांनी पुन्हा याच सभागृहात, याच सतरंज्यांऐवजी आता खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

समितीने मला विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्रातील संधी आणि आव्हाने’. मी फोन करून विचारलं, विषय बदलला तर चालेल का? पलीकडून उत्तर आलं, ‘बदल, पण वीस मिनिटांच्या वर जाऊ नकोस. नंतर जेवण आहे.’ म्हणून विषय बदलला आहे, वेळ पाळायचा प्रयत्न करते.

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की मी २००१ साली कॉम्प्युटर इंजिनीअर झाले आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्येच आहे. हे मात्र थोड्यांनाच माहीत असेल की २०१८ पासून दर शनिवारी सकाळी मी पुण्यातल्या एका समुपदेशन केंद्रात स्वयंसेवक म्हणून बसते. त्यासाठी वर्षभराचा अभ्यासक्रम केला. अजूनही दर महिन्याला एका अनुभवी मानसतज्ज्ञ बाईंसमोर बसून मी काय बोलले, कुठे चुकले, ते तपासून घेते. मी डॉक्टर नाही, औषधं देत नाही. समोरचा माणूस बोलतो, मी ऐकते. हे सांगायला जितकं सोपं आहे तितकं करायला सोपं नाही, हेच आज सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या भाषणात मी केंद्रात आलेल्या एकाही माणसाची कथा सांगणार नाही. नाव बदलून नाही, गाव बदलून नाही. आपल्याकडे गावं लहान आणि नाती लांबवर पसरलेली असतात. ‘एक बाई होत्या, त्यांचे मिस्टर बँकेत’ एवढं म्हटलं तरी तिसऱ्या रांगेतलं कोणीतरी ओळखतं. म्हणून उदाहरणं येतील ती माझ्या वर्गातल्या सरावाची आणि माझ्या चुकांची.

पहिली चूक आपल्या बॅचमधलीच आहे.

२०१३ ची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा दुपारी मला ऑफिसात फोन आला. एरवी ती रात्री नऊनंतर करायची. त्या आठवड्यात आमचं एक मोठं काम ग्राहकाला द्यायचं होतं, म्हणून मी जिन्यात जाऊन फोन घेतला. तिच्या मागे खूप गोंगाट होता. मी म्हटलं, ‘अगं, आवाज फार येतोय, जरा बाजूला होऊन बोल ना.’ ती म्हणाली, यांचा धंदा बसला, कर्ज झालंय, घरात रोज भांडणं होतात, काय करावं कळत नाही. तीन-चार मिनिटं बोलली असेल. मग मी सुरू झाले. कुठलं कर्ज आधी फेडायचं, सोनं मोडायचं की गहाण टाकायचं, तिच्या बीएडवर कुठे नोकरी मिळेल, माझ्या ओळखीचे वकील कोण. रात्री घरी बसून मी तिला एक एक्सेल शीट करून पाठवलं. व्याजदर, हप्ते, प्राधान्यक्रम, सगळं रंगांत. तिचं उत्तर आलं, ‘थँक यू गं.’

मी जेवताना नवऱ्याला अभिमानाने सांगितलं, आज एकीला मोठी मदत केली.

त्यानंतर तीन वर्षं तिचा फोन आला नाही. मला वाटलं, सगळं मार्गी लागलं असेल. २०१६ मध्ये एका लग्नात भेटलो. मांडवाच्या मागे, हात धुवायच्या नळाजवळ, ती मला म्हणाली, ‘तुझं ते शीट बरोबर होतं. मी पुढे तसंच केलं. पण त्या दिवशी मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी फार घाबरलेय. ते सांगायच्या आधीच तू सगळं सोडवून टाकलंस. त्यानंतर मला कोणालाच फोन करावासा वाटेना.’

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. मी मात्र ते घेऊन घरी आले आणि पुढच्या जूनमध्ये अभ्यासक्रमाला नाव घातलं.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर ‘समुपदेशन’ हा शब्द लिहिला आणि त्यातल्या ‘उपदेश’ या चार अक्षरांभोवती खडूने गोल काढला. म्हणाल्या, ‘शब्दात हा आहे. खोलीत तो आणायचा नाही.’ आम्ही हसलो. दुसऱ्या आठवड्यात हसू गेलं. जोड्या करून सराव होता. एकाने क्लायंट व्हायचं, एकाने समुपदेशक. दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून सगळ्यांसमोर ऐकायचं. माझ्यासमोर बसलेली बाई म्हणाली, ‘सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. नोकरी सोडावी लागेल असं दिसतंय.’ मी लगेच म्हणाले, ‘वर्क फ्रॉम होम मागून पाहिलंत का? दिवसा बाई ठेवता येईल की.’ पुढे असंच. रेकॉर्डिंग ऐकून बाईंनी घड्याळाने मोजलं. दहापैकी साडेसहा मिनिटं मीच बोलत होते.

मग त्यांनी क्लायंट झालेल्या बाईला विचारलं, तुला काय वाटलं? ती म्हणाली, ‘शेवटी शेवटी मी नुसती हो हो म्हणत होते. यांना बरं वाटावं म्हणून.’

विचार करा. मदत मागायला आलेला माणूस मदत करणाऱ्याची समजूत काढत होता. २०१३ मधलं ‘थँक यू गं’ हे त्यातलंच होतं, हे मला त्या वर्गात कळलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक नाव आहे, कार्ल रॉजर्स. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९०२ ते १९८७. उपचार घेणाऱ्याला ‘पेशंट’ न म्हणता ‘क्लायंट’ म्हणण्याची रीत रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९५७ साली त्यांनी एक निबंध लिहिला. माणसात बदल घडायला समुपदेशनाच्या नात्यात काय असावं लागतं, हा त्याचा विषय. त्यातल्या तीन गोष्टी आज जगभर शिकवतात. एक, समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं. दोन, त्याच्याबद्दल अटी न घालता आदर ठेवणं. तीन, आपण आतून एक आणि बाहेरून एक असं न वागणं. पुढे १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी या नात्याचे आणखी व्यवहारी तीन भाग सांगितले. कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. इंजिनीअर असल्यामुळे मला अशा याद्या आवडतात. पण यादी पाठ झाली म्हणून काम येत नाही. ते छोट्या छोट्या गोष्टींतून शिकावं लागतं. त्यातल्या काही सांगते.

पहिली गोष्ट खुर्च्यांची. आमच्या केंद्रात मधे टेबल नाही. टेबल आलं की ते ऑफिस होतं, आणि आपण साहेब. दोन खुर्च्या सारख्याच उंचीच्या, अगदी समोरासमोर नाही, किंचित तिरक्या. म्हणजे ज्याला माझ्याकडे बघायचं नसेल त्याला खिडकीकडे बघता येतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की नजरेला नजर द्या. आपल्याकडे मोठ्या माणसासमोर मान खाली घालून बोलायची सवय असते. मुलगी खाली बघून बोलतेय म्हणजे काही लपवतेय असं नाही. तिला तसं बोलू द्यावं. घड्याळ मात्र दोघांनाही दिसेल असं असतं, कारण वेळ ठरलेली असते, पन्नास मिनिटं, आणि ती संपत आल्याचं दोघांना कळायला हवं.

दुसरी गोष्ट, पहिली पाच मिनिटं. त्यात मी सांगते की तुम्ही इथे जे बोलाल ते बाहेर जाणार नाही, आणि ते कधी जाऊ शकतं तेही सांगते. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला आणखी कोणाला तरी सामील करून घ्यावं लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. सुरुवातीला मला हे सांगायला संकोच वाटायचा. वाटायचं, माणूस आधीच भेदरलेला, त्यात कायदा कुठे सांगायचा? पण विश्वास गोड बोलण्यातून जितका येतो त्याहून जास्त तो मर्यादा आधी सांगण्यातून येतो. ‘कोणालाही सांगणार नाही, शप्पथ’ असं म्हणणाऱ्यावर आपण शाळेत तरी कुठे विश्वास ठेवायचो?

तिसरी गोष्ट, हाक. मराठीत ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ याच्यावर पुष्कळ काही ठरतं. समोर विशीतला मुलगा असला की तोंडात ‘तू’ येतं, आणि आपण नकळत त्याची मावशी होतो. म्हणून मी विचारते, ‘तुम्हाला कशी हाक मारलेली आवडेल?’ काहींना ‘तू’च बरं वाटतं. पण तो निर्णय त्यांचा. मला कोणी मॅडम म्हणतं, कोणी ताई. ताई म्हटलं की मला आत गोड वाटतं, आणि तिथेच सावध व्हावं लागतं. कारण ताईकडून माणूस सल्ल्याची अपेक्षा करतो, आणि ताईला तो द्यायची घाई असते.

चौथी गोष्ट प्रश्नांची. ‘जेवलात का? झोप लागते का? नवरा मारतो का?’ असे हो-नाहीचे प्रश्न एकामागून एक विचारले की ती पोलीस चौकी होते. ‘गेल्या आठवड्यातला एखादा दिवस कसा गेला, सांगाल?’ असं विचारलं की माणूस स्वतःच्या वाटेने चालू लागतो. आणि ‘का’ हा प्रश्न मी जवळजवळ सोडूनच दिलाय. ‘का केलंस असं?’ हे वाक्य आपण लहानपणापासून फक्त ओरडा खाताना ऐकलेलं असतं. ते कितीही मऊ आवाजात विचारलं तरी समोरचा माणूस खुलासा द्यायला लागतो. त्याऐवजी, ‘तेव्हा नेमकं काय झालं?’ असं विचारावं. मिळणारी माहिती तीच, पण माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहत नाही.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, ती शब्दांची. आपल्याकडे सगळ्या दुःखांना एकच शब्द झालाय, टेन्शन. परीक्षेचं टेन्शन, आईच्या आजाराचं टेन्शन, लग्न मोडल्याचंही टेन्शन. त्या एका शब्दाखाली काय आहे ते शोधायला मराठीत किती शब्द आहेत बघा. घुसमट, हुरहूर, धास्ती, उबग, कोंडी, ओशाळलेपण. पुष्कळ लोक तर भावनेचं नावच घेत नाहीत, शरीराचं घेतात. पोटात खड्डा पडतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, डोकं भणभणतं. तेही ऐकून घ्यायचं आणि हळूच एखादा शब्द पुढे करायचा. ‘धास्तावल्यासारखं होतंय का?’ कधी उत्तर येतं, ‘नाही हो, धास्ती नाही, लाज वाटते.’ माझा शब्द चुकला, पण त्या चुकीमुळे तिला तिचा शब्द सापडला.

सासूबाईंचं उदाहरण आठवतंय ना? त्या रेकॉर्डिंगवर आमच्या बाईंनी एवढंच म्हटलं होतं, ‘तिचं क्रियापद ऐकलंस का? ती “सोडणार आहे” म्हणाली नाही. “सोडावी लागेल” म्हणाली.’ पुढच्या सरावाला मी तेवढंच केलं. ती बोलली, आणि मी म्हणाले, ‘सोडावी लागेल...’ एवढंच, आणि थांबले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘हो ना. मला कोणी विचारलंच नाही. सगळ्यांनी धरूनच चाललंय की मीच सोडणार.’ तिथून खरं बोलणं सुरू झालं. प्रश्न दिवसा बाई ठेवण्याचा नव्हताच.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे जुळते. इंटरनेटवर एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला माहिती पाठवली की दुसरा उलट एक छोटा निरोप पाठवतो, ‘अमुक भागापर्यंत मिळालं.’ ही पोच आली नाही तर पहिला तेच तेच पुन्हा पाठवत राहतो. माणसंही तेच करतात. एखादी बाई तीच तक्रार दहा वेळा सांगते तेव्हा आपण म्हणतो, किती उगाळतेय. बहुधा तिला एकदाही पोच मिळालेली नसते. तिचं म्हणणं आपल्या शब्दांत तिला परत सांगणं, ‘म्हणजे कामाचा त्रास तेवढा नाही, पण कोणी विचारत नाही याचं वाईट वाटतंय’, ही ती पोच आहे. ती मिळाली की माणूस पुढचं बोलतो.

आणि मग शांतता. आम्हा इंजिनीअरांना शांतता सहन होत नाही. मशीनने काही सेकंदांत उत्तर दिलं नाही तर आम्ही ते बंद पडलं असं समजतो. सुरुवातीला कोणी गप्प झालं की मी लगेच पाण्याचा पेला पुढे करायचे, नाहीतर टिश्यूचा डबा. बाईंनी एकदा विचारलं, ‘डबा पुढे करून तू तिला काय सांगतेस? पूस आता, पुरे झालं, असंच ना?’ तेव्हापासून तांब्या-भांडं आणि डबा त्यांच्या हाताजवळ आधीच ठेवलेला असतो. घ्यायचं तेव्हा ते घेतील. मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि मनात आकडे मोजते. वीसपर्यंत कधी कधी जावं लागतं. त्या वीस आकड्यांत माणूस आत कुठेतरी गेलेला असतो, आणि परत येतो तेव्हा हातात काहीतरी घेऊन येतो.

तुम्ही म्हणाल, म्हणजे सल्ला द्यायचाच नाही? लोक तर सरळ विचारतात, ‘ताई, आता तुम्हीच सांगा काय करू.’ त्यावर कोरडेपणाने ‘मी सल्ला देत नाही’ म्हटलं तर तो माणूस दारातून परत पाठवल्यासारखा होतो. मी म्हणते, ‘आपण दोघं मिळून बघू. त्याआधी तुम्ही आजवर काय काय करून पाहिलंत, ते मला ऐकायचंय.’ बहुतेक वेळा यादी निघते, आणि मला जे सुचणार होतं ते त्या यादीत आधीच असतं. नसेल आणि माहितीच हवी असेल, म्हणजे दवाखाना कुठला, कायदा काय म्हणतो, तर ती माहिती सरळ द्यायची. माहिती देणं वेगळं. ‘तुझ्या जागी मी असते तर’ हे वाक्य मात्र गिळायचं, कारण मी तिच्या जागी नसते.

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारेल, एवढं तंत्रच असेल तर हे एखादा प्रोग्रॅम नाही का करणार? हा प्रश्न माझ्या क्षेत्रात फार जुना आहे. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. हे नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या एलायझाचं. पु. लं.नी त्याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ केलं, म्हणजे एलायझा ही आपल्या मंजुळेची विलायती बहीण. हा प्रोग्रॅम रॉजर्सच्या पद्धतीने बोलणाऱ्या समुपदेशकाचं सोंग आणायचा. तुम्ही टाइप केलेलं वाक्य थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी वायझेनबॉम यांनी पुढे लिहिलं की हा प्रोग्रॅम कसा तयार झाला हे माहीत असलेली त्यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळाने तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. ते इतके अस्वस्थ झाले की १९७६ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं. आजचे चॅटबॉट तर त्याच्या कितीतरी पुढे गेलेत.

मला ही गोष्ट दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. पहिलं, माणसाला ऐकून घेतलं जाण्याची भूक इतकी मोठी आहे की नुसती वाक्यं परत फिरवणारं यंत्रही चालतं. दुसरं, मी शनिवारी खोलीत बसून फक्त वाक्यं परत फिरवत असेन तर मीही एलायझाच. फरक कुठे पडतो? एकदा सरावात एक सहकारी त्याच्या वडिलांबद्दल बोलत होता आणि मी ऑफिसच्या विचारात होते. तो थांबला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘तुम्हाला फार वाईट वाटलं असेल.’ तो म्हणाला, ‘तुमचं लक्ष नव्हतं.’ मी क्षणभर सारवासारव करणार होते. मग म्हटलं, ‘खरंय. माझं लक्ष गेलं होतं. माफ करा. वडिलांनी दार लावून घेतलं, तिथून पुन्हा सांगाल का?’ त्यानंतरचं त्याचं बोलणं आधीपेक्षा मोकळं होतं. चूक करणं, ती कबूल करणं आणि पुन्हा बसणं, यातून नातं तयार होतं. रॉजर्सच्या यादीतली तिसरी गोष्ट मला त्या दिवशी समजली.

काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नुसतं ऐकणं प्रत्येक वेळी पुरत नाही. झोप, भूक पार उडाली, भास होऊ लागले, माणूस अंथरुणातून उठेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि ते लवकर करायचं. आणि कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ, शांतपणे विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात ती कल्पना शिरते हा गैरसमज आहे, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट, कोणीतरी विचारलं याने माणूस सुटल्यासारखा होतो. त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आज जेवायला जायच्या आधी मोबाइलमध्ये हा नंबर घालून ठेवा.

हे सगळं ऐकून घरी जाऊन कोणी समुपदेशक होऊ नका बरं का. मी करून पाहिलंय. माझी सोळा वर्षांची मुलगी एकदा म्हणाली, ‘आई, तुझा तो कोर्सचा आवाज काढू नकोस. नीट भांड माझ्याशी.’ घरी आपण आई असतो, बाप असतो, मित्र असतो. तिथे घड्याळ नसतं आणि तिरक्या खुर्च्याही नसतात. पण खोलीतली एक गोष्ट घरी आणता येते. उत्तर देण्याआधी थोडं थांबणं.

आपल्याला शाळेत हे कोणी शिकवलं नाही अशी तक्रार मी करणार होते. हात वर करून पहिल्यांदा उत्तर देणाऱ्याला शाबासकी मिळायची, आणि मी पहिल्या बाकावरची, सारखा हात वर असलेली मुलगी होते. मग आठवलं, नववीच्या सहामाहीत गणितात नापास झाले तेव्हा मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले होते. घंटा देणारे आपले शिपाईकाका तिथे आले. ‘डबा खाल्ला नाहीस?’ एवढंच विचारलं, आणि शेजारी बसून राहिले. पुढची घंटा द्यायची वेळ झाली तेव्हा उठले आणि म्हणाले, ‘चल, आता मला जायला पाहिजे.’ मला किती गुण मिळाले ते त्यांनी विचारलं नाही. म्हणजे शिकवलं होतं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

आता आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल एक विनंती. कोणी ग्रुपवर अडचण लिहिली की पाच मिनिटांत हात जोडलेली चित्रं येतात, दहा मिनिटांत डॉक्टरांची नावं, काढे आणि देवस्थानं. सगळं मनापासून असतं. मीच त्यात पुढे असायचे. पण आपल्यातल्या एकाने तरी त्या रात्री फोन करावा. पन्नाशी जवळ येतेय. आईवडील जातायत, नोकऱ्या जातायत, मुलं लांब गेलीत, तब्येती बोलायला लागल्यात. येत्या वर्षांत आपल्यातल्या प्रत्येकाला कधीतरी असा फोन करावासा वाटणार आहे. तो केल्यावर पलीकडे एक्सेल शीट मिळू नये.

ज्या मैत्रिणीची गोष्ट मी सांगितली ती आज इथे आहे. तिच्या परवानगीनेच सांगितली. गेल्या आठवड्यात हे भाषण मी तिला फोनवर वाचून दाखवलं. दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली आहेत. वाचून झाल्यावर ती गप्प होती. ‘आवडलं का?’ हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी मांडीवर हात ठेवून आकडे मोजले. मग ती म्हणाली, ‘तुला माहितेय, मी त्या दिवशी कुठून फोन केला होता?’

मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

ती एसटी स्टँडवर होती. दोन बॅगा, दोन मुलं. माहेरच्या गाडीत बसावं की घरी परत जावं, हे ठरत नव्हतं, म्हणून फोन केला होता. आणि मी तिला सांगत होते, आवाज फार येतोय, जरा बाजूला होऊन बोल.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मोठी तंत्रं राहू द्यात. यापुढे आपल्यातल्या कोणाचा अवेळी फोन आला, तर बाकी काही म्हणण्याआधी एवढंच विचारू या, ‘कुठून बोलतेयस?’ आणि मग ऐकू या.

जेवणाला उशीर केल्याबद्दल क्षमा असावी.